विहारातल्या विळ्यांचा गंज



आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. भोजनदानासाठी आमच्या विहारातली पेटी उघडली, तर दोन विळ्या, सुऱ्या आणि मोठा लोखंडी तवा गंजून लाल झालेला. वैशाख पौर्णिमेला खीर-पुरी झाली, भांडी धुतली, पण कोरडी कोणी केलीच नाहीत. न पुसणाऱ्यांत मीही होतो. "भंगारात द्या, वर्गणीतून नवीन आणू," असा सूर निघाला. ही वर्गणी म्हणजे मोलमजुरीचा पैसा. तेव्हा वस्तीतल्या एका आजींनी चिंच मागितली.

लोखंडाला पाणी आणि हवा लागली की गंज चढतो, मिठाने तो लवकर चढतो. आंबट पदार्थ त्याला सोडवतो. आजींनी चिंचेच्या दाट कोळात जाडे मीठ घालून विळीच्या पात्यावर थापले, अर्धा तास ठेवले आणि काथ्याने घासले. घासताना हात पाठीकडून धारेकडे न्यावा, धारेवरून आडवा नको. सुरीला अर्धा बटाटा कापून त्यावर खाण्याचा सोडा लावून चोळावे. तवा राखेने घासावा, डाग राहिले तर लिंबू लावावे. आंबट रात्रभर ठेवू नये, ते चांगले लोखंडही खाते. शेवटी स्वच्छ धुऊन, पुसून, तवा चुलीवर तापवावा आणि सर्वांवर गोडेतेलाचा पुसट हात फिरवावा.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. लिंबू-चिंचेबरोबर ब्लिचिंग पावडर कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. आणि घासताना हात कापला, तर जखम साबणाने धुऊन दवाखान्यात धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारा. धनुर्वात गंजाने होत नाही, माती-शेणातल्या जंतूंनी होतो. पण अडगळीतल्या हत्यारावर तीच माती असते. पाते खड्डे पडून ठिसूळ झाले असेल, तर मात्र ते भंगारातच द्यावे.

आमच्या दोन्ही विळ्या वाचल्या, तवाही वाचला. खर्च चिंच आणि मिठाचा.

धम्मपदाच्या मलवग्गात तथागतांनी लोखंडाचाच दाखला दिला आहे. गंज लोखंडातूनच निघतो आणि लोखंडालाच खातो, तशी माणसाची दुष्कृत्येच त्याला अधोगतीला नेतात. आमचा आळसही तसाच. आता पेटीत कोरडे फडके ठेवले आहे, आणि जेवणावळीनंतर भांडी पुसायची पाळी पुरुष मंडळींची, असे ठरले आहे. पहिली पाळी माझी.

जयभीम!