सात भागिले तीन

शनिवारी रात्री एक वाजता तीन वाढलेले घोडे (सगळ्यांची चाळिशी जवळ आलेली) फरशीवर पालथे पडून एका नदीवरून भांडत होते. नदी फ्लेक्सवर छापलेली. मुद्दा असा, की पुलावरून हल्ला केला तर पलीकडच्याची ताकद दुप्पट धरायची की नाही. नदी ओलांडून हल्ला केला तर दुप्पट, हे लिहिलेलं होतं. पूल म्हणजे नदीच की रस्ता, हे लिहिलेलं नव्हतं. बायको पाणी प्यायला उठली, आमच्याकडे बघितलं, "ह्यासाठी कॉम्प्युटर असतो ना रे?" एवढंच म्हणाली आणि परत झोपायला गेली.

प्रश्न रास्त आहे. आठवडाभर दुसऱ्यांसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाने वीकांताला पुठ्ठ्याच्या सोंगट्या सरकवत बसावं, फासे टाकावेत, कागदावर भागाकार करावेत, हे जरा विचित्रच. मिठाईवाल्याने रविवारी उपास करावा तसं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वॉरगेम म्हणजे खऱ्या किंवा काल्पनिक लढाईचा पट. त्यावर षटकोनांची जाळी. सोंगटी म्हणजे एखादी पलटण, तिच्यावर दोन आकडे: ताकद आणि चाल. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडून दुसऱ्या वाड्यातल्या पोरांशी "तुझा मेला, माझा नाही" अशी भांडणं ज्यांनी केली आहेत त्यांना हे समजायला दोन मिनिटंही लागणार नाहीत. फरक इतकाच, की इथे कोण मेला हे ठरवायला एक तक्ता असतो. अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्सने १९५४ मध्ये 'टॅक्टिक्स' नावाचा असा खेळ काढला, पुढे १९५८ मध्ये त्याच्याच ॲव्हलॉन हिल कंपनीने 'गेटिसबर्ग' आणला, आणि तिथून या छंदाची पेठ उभी राहिली. आमचा पट मात्र घरचा. नियम त्याच जुन्या धाटणीचे, आम्हीच बेतलेले. नकाशा चौकातल्या फ्लेक्सवाल्याकडून छापून घेतला. "वाढदिवस कुणाचा?" असं त्याने सवयीने विचारलं आणि फोटो कुठे टाकायचा म्हणून माऊस घेऊन थांबला. त्याला हे काय आहे ते समजावून सांगताना जी तारांबळ उडाली ती वेगळीच.

आता कॉम्प्युटरची बाजू. ती लंगडी आहे असं म्हणणारे लोक मला आवडत नाहीत, कारण ती लंगडी नाही. पटाचं सगळ्यात मोठं खोटं म्हणजे सगळं दिसतं. समोरच्याची राखीव पलटण टेकडीमागे उभी आहे, हे मला घारीसारखं वरून दिसतं. खऱ्या सेनापतीने त्यासाठी अर्धं राज्य दिलं असतं! २००० साली आलेल्या 'कम्बॅट मिशन'ने पहिल्यांदा माझी ही सवय मोडली. दोघांनी आपापले हुकूम द्यायचे, मग साठ सेकंद दोन्ही बाजू एकदमच हलणार, आणि तुम्ही फक्त बघत बसणार. शत्रू दिसेपर्यंत नाहीच. दिसला तरी लांबचा रणगाडा नक्की कुठला, यात तुमचे शिपाई चूक करू शकतात. त्याआधी १९९६ च्या 'क्लोज कॉम्बॅट'मध्ये शिपाई घाबरून हुकूमच पाळायचे नाहीत. माऊस आपटून उपयोग शून्य. अशी गंमत सोंगट्यांवर आणायची म्हटलं तर एक तिसरा माणूस लागतो, जो दोन्ही बाजूंचं सगळं जाणतो आणि खेळत मात्र नाही.

हा तिसरा माणूस म्हणजे पंच, आणि तो जुना आहे. प्रशियाच्या राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटने १८२४ मध्ये 'क्रीग्सश्पील'चे नियम छापले. १:८००० प्रमाणाचे नकाशे, लाल-निळे ठोकळे, फासे, दोन मिनिटांची एक खेळी. खेळाडू हुकूम लिहून पंचाकडे देणार, आणि पंच त्यांना जेवढं दिसायला हवं तेवढंच दाखवणार. युद्धाचं धुकं दोनशे वर्षांपूर्वीच पटावर आलं होतं, फक्त ते एका माणसाच्या डोक्यात भरलेलं होतं. पुढे तक्ते इतके वाढले की खेळ चालेनासा झाला, तेव्हा १८७६ मध्ये फेर्दी द्यु व्हेर्नुआ या जर्मन अधिकाऱ्याने सरळ म्हटलं, तक्ते आणि फासे सोडा, अनुभवी पंच ठरवेल तो निकाल. म्हणजे 'हे सगळं कोण हिशोब करत बसणार' ही तक्रार माझ्या बायकोच्या आधी प्रशियन सैन्याने केलेली आहे.

माझ्या मते कॉम्प्युटर हा तोच पंच आहे. न दमणारा, एका सेकंदात हजार तक्ते बघणारा, कुणाकडून चहा न घेणारा. त्यात एकच खोट. त्याला "का?" असं विचारता येत नाही. ही खोट केवढी मोठी आहे हे मला स्वतःची फजिती झाल्यावर कळलं, तीच सांगतो.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि आमचा शनिवार बंद पडला. दोन आठवडे चुळबुळ केल्यावर मी आमच्याच खेळाचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. नकाशा, चाली, फासे, तक्ता, सगळं. महिन्याभरात चालू झाला, आणि खोटं कशाला बोलू, मी खूष होतो. पटावर चार तास खाणारी लढाई सव्वा तासात व्हायला लागली. गुणाकार-भागाकार नाहीत, "तुझी सोंगटी रेषेवर आहे" नाही, चहा सांडणं नाही.

आता जरा गणित. (कंटाळा करू नका, पाचवीचं आहे.) निकालाचा तक्ता गुणोत्तरावर चालतो. हल्ला करणाऱ्याची ताकद २९, बचावाची १०, तर ते २:१ धरायचं. जवळजवळ तीनपट असलं तरी उरलेली बाकी नेहमी बचाव करणाऱ्याच्या पारड्यात टाकायची, असा जुना दंडक आहे. उलट हल्ला करणाराच कमजोर असेल, समजा ३ विरुद्ध ७, तर सात भागिले तीन म्हणजे दोन आणि वर थोडं. बाकी बचावाच्या बाजूने, म्हणून १:३. कळलं? एकीकडे आकडा खाली उतरवायचा, दुसरीकडे वर चढवायचा. मी दोन्हीकडे इंटिजर डिव्हिजन वापरलं. ते बाकी गुपचूप फेकून देतं. पहिल्या बाजूला ते आपोआप बरोबर आलं, दुसऱ्या बाजूला ३ विरुद्ध ७ चं १:२ झालं. एक ओळ. ज्या चुकीसाठी मी ज्युनियर पोरांचा कोड परत पाठवतो, तीच चूक.

हे कमजोर हल्ले करतं कोण? आमच्या नियमाप्रमाणे लागून असलेल्या प्रत्येक शत्रूशी लढावंच लागतं. म्हणून मुख्य फौज एका चळतीवर घालायची आणि शेजारच्या चळतीवर एक किरकोळ सोंगटी सोडायची. बळीचा बकराच तो. आमच्या तक्त्यात १:३ ला बकरा बहुतेक वेळा जातो, १:२ ला निम्म्या वेळा मागे हटून वाचतो. म्हणजे माझ्या प्रोग्रॅममध्ये बकरे स्वस्त झाले होते.

आणि आम्ही काय केलं? आम्ही शिकलो! खेळून खेळून सगळ्यांच्या लक्षात आलं की छोट्या तुकड्या मोठ्यांच्या अंगावर सोडणं परवडतं. एका मित्राने त्यावर लांबलचक मेल लिहिली, की हाच तर गनिमी कावा, मूठभर माणसांनी मोठ्या फौजेला गुंतवून ठेवायचं. इतिहासातले दाखले दिले. मी त्याला मोठ्या मनाने दुजोरा दिला. इतकंच नाही, ऑफिसातल्या एका मीटिंगमध्ये हेच तत्त्वज्ञान झाडून मी एका अवाढव्य मॉड्यूलवर दोनच पोरांना बसवलं, आणि बाकी टीम दुसरीकडे वळवली. दोघांपैकी एकीचे सलग चार वीकांत त्यात गेले. तिची माफी मागितली मी नंतर. पण हे कुठून सुचलं ते सांगायची हिंमत झाली नाही.

२०२१ च्या सुरुवातीला आम्ही मास्क लावून परत पटाभोवती बसलो. पहिल्याच डावात मी माझा बकरा पुढे सरकवला आणि म्हणालो, "एकास दोन." समोरचा म्हणाला, "सात भागिले तीन दोन कसे होतात?" बस्स. सात-आठ महिने, शंभरेक डाव, चार सुशिक्षित माणसं, त्यातले तीन इंजिनियर, आणि ती चूक पटावर दहा सेकंद टिकली नाही. ती पकडणारा माणूस चौथा होता. तो बँकेत आहे.

चूक पटावरही होते. हजारदा होते. पण तिथे नियम चालवणारं यंत्र म्हणजे आपणच असतो आणि समोर एक विरोधक बसलेला असतो, ज्याचा फायदाच तुमची चूक पकडण्यात आहे. १९८५ च्या 'ॲडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर'ची नियमपुस्तिका तर चक्क फायलीत लावलेल्या सुट्ट्या पानांची आहे, नियम बदलला की पान बदला. तिच्या आकाराची चेष्टा सगळे करतात, मीही करतो. तरी त्या पानावर बोट ठेवता येतं. प्रोग्रॅममध्ये आम्ही लढाई शिकत नव्हतो, माझा कोड शिकत होतो.

याचं दुसरं टोक लिव्हरपूलला सापडतं. १९४२ च्या जानेवारीत तिथे कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्सच्या हाताखाली ब्रिटिश नौदलाचं एक पथक सुरू झालं. त्याच्या बरोबरीने काम करणाऱ्या बऱ्याचजणी नौदलात नव्याने आलेल्या तरुण मुली. जमिनीवर समुद्र आखलेला, जहाजं छोटी छोटी, खडूने काढलेल्या वाटा. खेळणाऱ्या अधिकाऱ्यांना कापडी पडद्याआडून, फटीतून जेवढं दिसेल तेवढंच. जर्मन पाणबुड्या ताफ्यातली जहाजं बुडवून निसटतात कशा, हा प्रश्न. फरशीवर तेच हल्ले पुन्हा पुन्हा मांडल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की पाणबुडी बाहेरून नव्हे, तर रात्री पाण्यावरूनच मागच्या बाजूने ताफ्याच्या आत शिरते आणि आतून मारते. त्यावर जो डाव त्यांनी बसवला त्याला जीन लेडलॉ या मुलीने 'रास्पबेरी' असं नाव दिलं, हिटलरला वेडावून दाखवायचं म्हणून. मला यातली मोलाची गोष्ट ही वाटते, की त्या खोलीत कुणीही खाली वाकून "थांबा, ही इथे आली कशी?" असं म्हणू शकत होतं.

पण पटाचा वकील म्हणून मला एक गोष्ट लपवता येणार नाही. १९४२ मध्येच मिडवेच्या मोहिमेआधी जपानी नौदलाने यामातो जहाजावर पट मांडला. फुचिदा आणि ओकुमिया यांच्या पुस्तकात लिहिलंय, की पंच असलेल्या ओकुमियांनी फासे टाकले, जपानी विमानवाहू नौकांवर नऊ बॉम्ब पडले आणि दोन नौका बुडाल्या. ॲडमिरल उगाकींनी नवाचे तीन केले. एकच नौका बुडाली असं ठरलं, आणि पुढच्या डावात तीही परत तरंगायला लागली. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत! कुणी काही करू शकलं नाही. जूनमध्ये खऱ्या समुद्रात चार बुडाल्या. २००२ च्या अमेरिकन 'मिलेनियम चॅलेंज'मध्ये, ज्यात कॉम्प्युटरवरची नक्कल आणि खरं सैन्य दोन्ही होतं, शत्रूची भूमिका करणाऱ्या निवृत्त जनरल व्हॅन रायपरनी पहिल्याच झटक्यात सोळा जहाजं बुडवली. तीही परत तरंगवली गेली आणि सराव पुढे चालू झाला. तेव्हा वरिष्ठांच्या लहरीवर पट हे औषध नाही, हे मान्य. पट फक्त एवढंच करतो की नवाचे तीन करणारा हात दिसतो.

मग मी कॉम्प्युटर बंद केला का? नाही. आमच्यातला एकजण आता बे एरियात असतो. इथली शनिवार सकाळ म्हणजे त्याची शुक्रवार रात्र. आम्ही 'व्हॅसल' वापरतो. फुकट मिळतं, आणि त्याचा मूळ जन्म 'ॲडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर' लांबून खेळता यावं म्हणून झाला. ते पडद्यावर पट आणि सोंगट्या दाखवतं, फासे टाकतं, पण नियमांची राखण सहसा करत नाही. सोंगटी समुद्रात ठेवली तरी गप्प बसतं. नवीन माणूस याला अपुरा प्रोग्रॅम म्हणतो. मी याला फार शहाणा प्रोग्रॅम म्हणतो. धुकं हवं असेल तेव्हा बँकवाला पंच होतो, दोघांना वेगवेगळे नकाशे पाठवतो, आणि नंतर आम्ही त्याला यथेच्छ "का?" विचारतो. माझा जुना प्रोग्रॅमही आहे अजून. ती ओळ दुरुस्त केली, आणि आता प्रत्येक हल्ल्याचा पूर्ण हिशोब तो उजव्या बाजूला छापतो. त्याने खेळ कुरूप दिसतो, मित्र कुरकुरतात. कुरकुरू देत.

पुलाचा वाद पावणेदोनला मिटला. पूल म्हणजे नदीच, दुप्पट धरायची, असं दोन विरुद्ध एक मतांनी ठरलं. एक मत माझं. मी पेन्सिलने समासात तसं लिहिलं, तारीख टाकली, आणि फासा टाकला. पूल काही हाती आला नाही.