कुंपण नंतर येते, कर्ज आधी : लाबादीपासून हिंगोलीपर्यंत

१/
आजचा धागा एका छायाचित्रापासून सुरू होतो. टेक्सासमध्ये राहणारी माझी मामेबहीण डिसेंबर २०२३मध्ये सहकुटुंब क्रूझवर गेली होती. घरच्या ग्रुपवर तिने फोटो टाकले : निळे पाणी, वाळूत खेळणारी मुले, मागे इमारतीएवढे पांढरे जहाज. खाली ओळ होती, ‘आज कंपनीच्या खासगी किनाऱ्यावर!’ माझे वडील हिंगोली जिल्ह्यात हळद पिकवतात. त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला, इकडेतिकडे सरकवला आणि विचारले, “अन् इथली माणसं कुठं हायेत?”

२/
ते ठिकाण म्हणजे लाबादी. देश हैती. ताईच्या ओळीत देशाचे नाव नव्हते, आणि त्यात तिचा फारसा दोषही नव्हता. अमेरिकेतील रॉयल कॅरिबियन ही कंपनी १९८६पासून हैतीच्या उत्तर किनाऱ्यावरील हे भूशिर भाडेपट्ट्याने वापरते. क्षेत्र सुमारे २६० एकर. जमिनीच्या बाजूने कुंपण, कुंपणावर पहारा. प्रवाशाने जहाजातून उतरावे, पोहावे, जेवावे, ठरवून दिलेल्या बाजारात लाकडी मूर्ती घ्याव्यात आणि संध्याकाळी जहाजावर परतावे. कुंपणाबाहेर पाऊल टाकण्याची त्याला मुभा नाही.

३/
कंपनीच्या जाहिरातींत बराच काळ ‘हैती’ऐवजी ‘हिस्पॅनिओला’ असे लिहिले जाई. शब्द खोटा नाही. हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक हे दोन देश ज्या बेटावर आहेत, त्या संपूर्ण बेटाचे ते नाव. पण हिंगोलीत आलेल्या पाहुण्याला ‘आपण दख्खनच्या पठारावर आहात’ एवढेच सांगून निरोप देण्यातला तो प्रकार झाला. खरे बोलूनही गाव लपवता येते.

४/
१२ जानेवारी २०१० रोजी हैतीत प्रलयंकारी भूकंप झाला. राजधानी पोर्तो-प्रिन्स कोसळली. तिसऱ्याच दिवशी, १५ जानेवारीला, क्रूझचे जहाज लाबादीला लागले आणि प्रवासी वाळूवर उतरले. जगभर टीका झाली. कंपनीचे उत्तर होते की जहाजातून मदतसामग्रीही आली आहे आणि थांबा रद्द केला तर तिथल्या कामगारांची रोजी बुडेल. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तरीही जहाजावरच्या कित्येक प्रवाशांना त्या दिवशी खाली उतरवले नाही.

५/
या विषयावरची चर्चा बहुधा इथेच अडकते : पर्यटक निष्ठुर की सहृदय? मला हा प्रश्न दुय्यम वाटतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक पायरी मागे जाऊन विचारावे की एखाद्या देशाला आपला सुंदर किनारा परक्यांच्या पहाऱ्याखाली देणे हाच शहाणपणाचा व्यवहार वाटावा, अशी त्याची अवस्था कोणी केली?

६/
लाबादीपासून जवळच काप-आयसियँ हे शहर आहे. अठराव्या शतकात त्याचे नाव काप-फ्रान्से, आणि हा प्रदेश म्हणजे फ्रान्सची सर्वांत संपन्न वसाहत सँ-दोमँग. युरोपात खपणाऱ्या साखरेचा आणि कॉफीचा फार मोठा वाटा इथून जाई. त्या संपत्तीखाली सुमारे ५ लाख गुलाम राबत होते. ऑगस्ट १७९१मध्ये याच उत्तरेकडील मैदानात उसाचे मळे पेटले. बारा वर्षांच्या युद्धानंतर १८ नोव्हेंबर १८०३ रोजी व्हेर्तिएरच्या लढाईत नेपोलियनच्या सैन्याचा पराभव झाला आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. गुलामांनी उठाव करून राष्ट्र उभे केल्याचे जगाच्या इतिहासात हे एकमेव उदाहरण.

७/
आणि मग बिल आले. १८२५मध्ये फ्रान्सचा राजा दहावा शार्ल याने फर्मान काढले : स्वातंत्र्याला मान्यता हवी असेल, तर मळेवाल्यांच्या नुकसानीपोटी १५ कोटी फ्रँक भरा. फर्मान घेऊन आलेल्या दूतामागे १४ युद्धनौका उभ्या होत्या. ‘नुकसानी’त जमीन होती, तशी माणसेही होती. म्हणजे जे काल गुलाम होते, त्यांनीच आज आपल्या देहाची किंमत जुन्या मालकाला चुकती करायची.

८/
पहिल्याच हप्त्यासाठी हैतीला पॅरिसच्या सावकारांकडून ३ कोटींचे कर्ज घ्यावे लागले. सावकारांनी आपली कमिशन कापून हातावर २ कोटी ४० लाखच ठेवले. दंडही फ्रान्सचा, कर्जही फ्रान्सचेच. १८३८मध्ये एकूण दंड ९ कोटींवर आणला गेला. पण कर्जावर कर्ज चढत गेले आणि त्याची शेवटची फेड १९४७मध्ये झाली. आपण स्वतंत्र झालो त्या वर्षी हैती आपल्या स्वातंत्र्याची किंमत फेडून मोकळा होत होता.

९/
हा पैसा आला कुठून? मुख्यतः कॉफीवरील करातून, म्हणजे डोंगरउतारावरच्या लहान शेतकऱ्याच्या पाठीवरून. शाळा, रस्ते, बंदरे यांना लागणारा पैसा शंभरांहून अधिक वर्षे देशाबाहेर वाहत राहिला. डिसेंबर १९१४मध्ये अमेरिकी नौसैनिकांनी हैतीच्या राष्ट्रीय बँकेतून ५ लाख डॉलरचे सोने उचलून न्यूयॉर्कला नेले. पुढच्याच वर्षी अमेरिकेने देश ताब्यात घेतला, तो १९३४पर्यंत. त्यानंतर द्युव्हालिए पितापुत्रांची हुकूमशाही आली आणि ती फेब्रुवारी १९८६मध्ये संपली. लाबादीला जहाजे येऊ लागली तीही १९८६मध्येच. किनारा भाड्याने जाण्यापूर्वी असे जवळजवळ दोनशे वर्षांचे हिशेब लिहून झाले होते.

१०/
हे सारे वाचताना मला सारखी ओळखीची चाहूल लागत होती. फौजेच्या जोरावर लादलेले कर्ज, ते फेडण्यासाठी आणखी कर्ज, आणि शेवटी भूमीचा भाडेपट्टा. हे मी कुठे वाचले होते? उत्तर लाजिरवाणे होते. हे माझ्याच गावाच्या इतिहासात होते.

११/
एकोणिसाव्या शतकात हिंगोली हे ‘हैदराबाद कंटिन्जंट’चे ठाणे होते. ही तैनाती फौज नव्हे, तिच्याशी गल्लत करू नये. १८००च्या तहानुसार युद्धप्रसंगी निजामाने आपले काही हजार स्वार आणि पायदळ इंग्रजांच्या मदतीला द्यायचे होते. पुढे रेसिडेंट हेन्री रसेल आणि निजामाचा दिवाण चंदूलाल यांच्या काळात त्या अटीतून शांतताकाळातही कायम राहणारी एक वेगळीच फौज उभी राहिली. अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा, आणि वर्षाकाठी सुमारे ४० लाखांचा खर्च निजामाचा. बोलारम, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर आणि हिंगोली अशा ठिकाणी तिच्या छावण्या होत्या.

१२/
खजिना रिकामा होऊ लागला तशी हैदराबादेतील विल्यम पामर अँड कंपनी ही पेढी कर्ज देऊ लागली. व्याज वर्षाला शेकडा २४-२५. रेसिडेंट मेटकाफ याने पुढे हा व्यवहार उघडकीस आणला, पण फौज तशीच राहिली आणि थकबाकीही. फौजही इंग्रजांची, कर्जही इंग्रजांच्याच छायेतल्या पेढीचे. लाबादीचा इतिहास वाचलेल्याला हा आकृतिबंध नवा वाटणार नाही.

१३/
२१ मे १८५३ रोजी डलहौसीच्या दडपणाखाली तह झाला. थकबाकी आणि फौजेचा पुढचा खर्च यांपोटी वऱ्हाड, धाराशिव-नळदुर्ग आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. आमच्यापुरता अर्थ असा : पैनगंगेच्या अलीकडे हिंगोलीत फौज, आणि त्या फौजेच्या पगारासाठी पैनगंगेच्या पलीकडचा मुलूख गहाण. चारच वर्षांत सत्तावनचा उठाव झाला. त्यात याच कंटिन्जंटच्या पलटणी ह्यू रोझबरोबर झाशी-काल्पीच्या मोहिमेत राणी लक्ष्मीबाईविरुद्ध लढल्या. त्यांचा पगार दख्खनच्या रयतेच्या साऱ्यातून निघत होता.

१४/
१८६०मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले, कर्जही माफ झाले. वऱ्हाड मात्र सुटले नाही. पहिल्या सालारजंगाने त्यासाठी आयुष्यभर अर्ज-विनंत्या केल्या. शेवटी १९०२मध्ये कर्झनने निजाम महबूब अली खान यांच्याकडून वऱ्हाडचा कायमस्वरूपी भाडेपट्टा लिहून घेतला : वर्षाला २५ लाख रुपये. निजामाला त्याच सुमारास ‘जी.सी.बी.’ हा किताब मिळाला, तेव्हा लोकांनी त्याची फोड केली, ‘गेव्ह कर्झन बेरार’, म्हणजे ‘कर्झनला वऱ्हाड दिले’. १९०३मध्ये कंटिन्जंट इंग्रजी सैन्यात विलीन झाली. तिच्याच वंशावळीतून आजची कुमाऊँ रेजिमेंट आली.

१५/
ही तुलना ताणायची नाही. हैतीच्या जनतेने स्वतः साखळ्या तोडल्या होत्या. निजाम हा स्वतःच रयतेकडून सारा वसूल करणारा सत्ताधीश होता. गुलामीच्या भयाणतेशी आमच्या साऱ्याची बरोबरी करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. साम्य आहे ते कार्यपद्धतीत. आधी असा खर्च लादायचा जो झेपणार नाही, मग त्यासाठी कर्ज द्यायचे, मग कर्जापोटी भूमी घ्यायची, आणि अखेरीस त्या साऱ्याला ‘करार’ हे सभ्य नाव द्यायचे. करारावर दोन सह्या असतात. पण दोन्ही हात मोकळे होते का, हे कागद सांगत नाही.

१६/
मग कुंपण अटळ आहे का? नाही, आणि त्याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. गोव्यात दोनापावलाजवळ वायंगिणी किनाऱ्यावर एका मोठ्या हॉटेलच्या विस्तारामुळे लोकांची किनाऱ्यावर जाण्याची जुनी वाट बंद झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २० जानेवारी २००९ रोजी न्यायालयाने सांगितले की किनारा ही सार्वजनिक ठेव आहे, सरकार तिचे विश्वस्त आहे, आणि वाटेत आलेले बांधकाम पाडावे. त्याच वर्षी गोवा सरकारने वटहुकूम काढून ते बांधकाम वाचवले, हेही सांगितले पाहिजे. तरीही तत्त्व लिहिले गेले. समुद्रावर मालकी सांगणाऱ्याला आपल्याकडे निदान उत्तर द्यावे लागते.

१७/
हे सगळे मी ताईला तेव्हा लांबलचक संदेशात लिहून पाठवले होते. तिचे उत्तर दोन ओळींचे होते : “वर्षातून एकदा मुलांना घेऊन चार दिवस बाहेर पडले, तर तू मला शार्ल राजाच्या रांगेत बसवलेस. आणि तुझ्या छावणीबद्दल तुला तरी कधी कळले?” मी निरुत्तर झालो. दर १७ सप्टेंबरला आम्ही शाळेत मुक्तिसंग्रामाची भाषणे केली, औंढ्याला आणि नर्सीला सहली गेल्या; पण आमच्या गावात कोणाची फौज कोणाच्या पैशावर पोसली गेली, हे मला पदव्युत्तर वर्गात येईपर्यंत ठाऊक नव्हते. मीही एका प्रकारे कुंपणाच्या आतच वाढलो होतो.

१८/
म्हणून माझे मत आता पूर्वीपेक्षा मवाळ आहे आणि अधिक ठामही. मवाळ अशासाठी की बहिष्काराने हैतीचे भले होईल असे मला वाटत नाही. हिंसाचारामुळे २०२४ आणि २०२५मध्ये कंपनीने लाबादीचे थांबे पुन्हा पुन्हा रद्द केले. त्याने कुंपणाबाहेरचा कोणताही अन्याय दूर झाला नाही. आत मूर्ती विकणाऱ्यांचा आणि चटया अंथरणाऱ्यांचा रोजगार मात्र गेला. दुरून नीतीच्या गोष्टी करणाऱ्याने हा हिशेबही मांडला पाहिजे.

१९/
ठाम अशासाठी की तीन गोष्टींवर तडजोड नको. पहिली : जागेला देशाचे नाव द्या. ‘खासगी किनारा’ हे नाव नव्हे, ते नाव पुसणे आहे. दुसरी : भाडे किती, कोणाला आणि किती वर्षांसाठी, हे उघड असावे, त्या किनाऱ्यावर मासे धरणाऱ्याला आणि तिथे उतरणाऱ्यालाही ते समजले पाहिजे. तिसरी : जिथे फाटक एकाच बाजूने उघडते तिथे जाऊन आलेल्याने ‘मी हैती पाहिला’ असे म्हणू नये. त्याने जहाजाचाच एक मजला पाहिला, एवढेच. त्याच मुलखात आँरी क्रिस्तोफ या हैतीच्या राजाने बांधलेला सितादेल हा प्रचंड डोंगरी किल्ला आहे, आणि तो १९८२पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. फ्रेंच परत आले तर म्हणून उभारलेला तो किल्ला क्रूझच्या प्रवाशाला बहुधा दिसत नाही. रायगड वगळून महाराष्ट्र दाखवावा तसे हे.

२०/
एप्रिल २०२५मध्ये, त्या फर्मानाला दोनशे वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन यांनी दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा आयोग नेमण्याची घोषणा केली. पैसे परत मिळतील का, हा पुढचा प्रश्न. पण बिल चुकीचे होते का, हे विचारायलाच दोनशे वर्षे लागली. इतिहास शिकणाऱ्यांची गरज इथे आहे : जुनी बिले शोधून काढायची आणि त्यांवरची नावे मोठ्याने वाचायची.

२१/
गेल्या दिवाळीत हळदीच्या शेतात उभे राहून हे सगळे मी वडिलांना सांगितले. ताईने पुढच्या खेपेला त्यांनाही क्रूझवर नेण्याचे ठरवले आहे. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “जाऊ की. पण उतरल्यावर मी आधी फाटकाकडं जाईन. पलीकडं कोणी उभं असंल तर राम राम तरी घालीन.”

ते फाटक त्यांच्यासाठी उघडणार नाही, हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.

धागा समाप्त.