एक वर्ष चुकण्याची मुभा

आळेफाट्यावरून पुणे, नाशिक, कल्याण आणि नगर अशा चारही दिशांना रस्ते फुटतात. बारावीचा निकाल लागला की आळे परिसरातली पोरं त्यांतला एक धरतात. कोर्स बहुतेक वेळा घरच्यांनी नाहीतर शेजारच्याच्या यशानं ठरवलेला असतो. अठराव्या वर्षी घेतलेला हा निर्णय काहींचा चुकतो. चुकणारच. प्रश्न असा की, दुरुस्त करायला निघालेल्या पोराच्या पाठीशी सरकार उभं राहतं का?

गेल्या पावसाळ्यात फाट्यावरच्या एका महा-ई-सेवा केंद्रात एका मुलीचा शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीचा फॉर्म भरणं चाललं होतं. एक वर्ष इंजिनिअरिंग करून ती बीएस्सीला आली होती. ‘गॅप’च्या रकान्यापाशी चालकाचा हात थांबला. “ताई, मागच्या कॉलेजात शिष्यवृत्ती उचलली होती का?” मुलीनं वडिलांकडे पाहिलं. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, जुन्या कॉलेजचा दाखला, गॅपचं प्रतिज्ञापत्र असं सगळं पिशवीत होतं. या एका प्रश्नाचं उत्तर मात्र कुठल्याच कागदावर नव्हतं.

तो प्रश्न साधा नाही. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या जुन्या नियमांनुसार पूर्वपरवानगीशिवाय विषय किंवा संस्था बदलली तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. वर्षाच्या मध्येच शिक्षण सोडलं तर घेतलेली रक्कम परतही मागता येते. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत उत्पन्नाची मर्यादा 8 लाखांची, पण शिक्षणात दोन वर्षांचा खंड पडला की पात्रता जाते. बँकेच्या कर्जावरचं केंद्राचं व्याज अनुदानही कोर्स अर्ध्यात सोडणाऱ्याला मिळत नाही. आजारपणाला तेवढी सूट.

आणि दुसरीकडे 2020 चं शैक्षणिक धोरण सांगतं की मध्येच बाहेर पडा, परत या. त्यासाठी 2021 मध्ये क्रेडिट बँक सुरू झाली, मिळवलेली क्रेडिट्स सात वर्षांपर्यंत टिकतात. म्हणजे क्रेडिट्स पोराबरोबर नव्या कॉलेजात जातात, पैसा मागेच अडकतो. ही विसंगती गरिबाच्याच घरात जाणवते. ज्याच्या बापाकडे दुसरी फी तयार आहे, त्याला हे नियम वाचायचीही गरज पडत नाही. कांद्याच्या पट्टीवर फी भरणारं घर मात्र दुसऱ्या वर्षीही कांद्याला भाव मिळेल या भरवशावर बसतं. मग नको असलेली पदवी पोरगं कसंबसं रेटत राहतं.

इंग्लंडमध्ये सरकारी शिक्षणकर्जाचा हिशेब कोर्सची वर्षं अधिक एक असा धरतात. आधी शिकलेली वर्षं त्यातून वजा होतात. पहिल्याच वर्षी कोर्स बदलणाऱ्याला ते जादा वर्ष तारून नेतं. आपल्या शिष्यवृत्त्यांतही असं एक वर्ष, आयुष्यात एकदाच, कारण न विचारता द्यायला हवं. राज्य सरकारनं आपल्या योजनांपासून सुरुवात करावी.

तोवर पालकांना एक विनंती. पोरगं कोर्स बदलायचं म्हणालं तर रागावण्याआधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जा. कॉलेज सोडल्याचा दाखला काढण्याआधी परवानगीचा लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायला यूजीसीनं 2018 मध्येच मनाई केली आहे. कॉलेजनं कुरकुर केली तर हे ठामपणे सांगा.