गाठ काढली, पण जखमेकडे कोण बघणार?

मानेवर, पाठीवर, कानामागे किंवा डोक्यात वाटाण्याएवढी, कधी लिंबाएवढी गाठ येते. बोटाने दाबली तर कातडीखाली हलते, पण एरवी दुखत नाही. जुनी माणसे तिला आवाळू म्हणतात, बाकीचे चरबीची गाठ म्हणतात. खरे पाहता अशा बहुतेक गाठींत चरबी नसतेच. कातडीखाली एक पिशवी तयार होते आणि तिच्यात केराटिन साचते. आपली नखे आणि केस ज्याचे बनतात तेच हे द्रव्य. डॉक्टर तेवढ्याच जागेवर भुलीचे इंजेक्शन देऊन पिशवीसकट गाठ काढतात, दोन-चार टाके घालतात आणि माणूस त्याच दिवशी चालत घरी येतो. म्हणूनच की काय, पुढच्या आठ-दहा दिवसांना कोणी किंमत देत नाही आणि नेमका त्याच दिवसांत घात होतो.

आमच्या शेजारच्या एका मावशींचेच पाहा ना! चार घरची धुणीभांडी करणारी बाई. मानेवरची गाठ काढली आणि दुसऱ्याच दिवशी कामावर हजर, कारण खाडा झाला की पगार कापला जातो. चौथ्या दिवशी जखमेत ठणका लागला. कोणी म्हणाले हळद-चुना लावा, कोणी घरात उरलेल्या गोळ्या आणून दिल्या. सातव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. आम्ही त्यांना पालिकेच्या रुग्णालयात नेले तेव्हा पट्टी पिवळी झाली होती. डॉक्टरांनी दोन टाके सोडून पू काढला आणि जखम उघडी ठेवून रोज ड्रेसिंग करायला सांगितले. मावशींना मधुमेह आहे, हेही त्या दिवशीच रक्त तपासल्यावर कळले. तीन दिवसांचा खाडा वाचवायला गेल्या आणि तीन आठवडे घरी बसल्या.

मग जखम चिघळते आहे हे ओळखावे कसे? हिशेब सोपा आहे. पहिले दोन-तीन दिवस थोडी सूज, थोडे दुखणे, पट्टीला किंचित पाणी किंवा रक्त लागणे साहजिक आहे. परंतु हे सारे रोज कालच्यापेक्षा कमी झाले पाहिजे. ते कमी न होता वाढू लागले, तर जंतुसंसर्ग झाला असे समजून डॉक्टरांकडे जावे. ठणका, घट्ट पू, दुर्गंधी, टाके उसवणे, काखेत किंवा जांघेत अवधाण येणे ही त्याचीच लक्षणे. जखमेभोवतीच्या लालीच्या कडेने पेनाने रेघ मारून ठेवावी. लाली रेघेबाहेर गेली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून डोळ्यांवर विसंबू नये. हाताची पालथी बाजू जखमेजवळ लावून ऊब वाढली का, कातडी ताठरली का, हे पाहावे.

थंडी वाजून ताप, जखमेपासून निघालेल्या लाल रेघा, चेहऱ्यावरच्या जखमेची सूज डोळ्यापर्यंत पोचणे, दुखणे असह्य होणे, माणूस गुंगणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. रात्रीच मोठे रुग्णालय गाठावे. मधुमेही माणसाने तर लहान लक्षणालाही लहान म्हणू नये.

पू झाला असेल तर तो बाहेर काढणे हाच मुख्य उपचार, आणि ते काम डॉक्टरांचे. घरी दाबून पिळला तर जंतू आत पसरतात. गोळ्या द्यायच्या की नाही, कोणत्या, किती दिवस, हे डॉक्टर ठरवतील. दिल्या तर सांगितले तितके दिवस घ्याव्यात, बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नयेत. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानातच इशारा दिला होता की, अपुरे औषध घेतले तर जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. गोळ्यांच्या पट्टीवर उभी लाल रेघ असेल, तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. केंद्र सरकारने २०१६ साली याच रेघेची मोहीम काढली होती.

रोजची काळजी बिनखर्चाची आहे. जखमेला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. डॉक्टरांनी सांगितले तोवर पट्टी कोरडी ठेवावी. घामाने किंवा पाण्याने भिजली तर बदलावी. हळद, चुना, राख, मशेरी, शेण यांतले काहीही लावू नये. बिडी-सिगारेटने जखम भरायला उशीर लागतो. धनुर्वाताचे इंजेक्शन पूर्वी कधी घेतले ते डॉक्टरांना सांगावे. चेहऱ्यावरचे टाके साधारण पाच दिवसांत निघतात, पाठीचे दहा ते चौदा दिवसांनी. टाके काढण्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. गाठ तपासणीला पाठवली असेल तर त्याचा कागद मागून घ्यावा आणि जपून ठेवावा.

राहिला प्रश्न खाड्याचा. कामगार विमा असलेल्यांनी डॉक्टरांचा दाखला घेऊन आजारपणाच्या भत्त्याची चौकशी करावी. ज्यांच्या घरी मोलकरीण येते त्यांनी चार दिवसांची भरपगारी सुट्टी द्यावी. ही काही मेहेरबानी नव्हे. आणि घरच्यांना एकच सांगणे आहे. मानेवरची, पाठीवरची जखम ज्याची त्याला दिसत नाही. रोज संध्याकाळी उजेडात बसवून ती कोणीतरी पाहिली पाहिजे. दोन मिनिटांचे काम आहे. घरातल्या शाळकरी मुलालाही शिकवले तर तो ते करील.