गव्यामागचा खांब

या वीकांताला कोडोलीला घरी आलोय. उसाचा सीझन, त्यामुळे रात्रभर घरासमोरून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि त्यांच्यावरची गाणी. झोपेचं खोबरं झालंच होतं, म्हणून सकाळी माळ्यावरचं जुनं खोकं काढलं. त्यात २००९ सालच्या डीव्हीडी निघाल्या. एकीवर मार्करने, माझ्याच अक्षरात : 'दाजीपूर - फायनल'. आमच्या धंद्यात ज्या फाइलच्या नावात 'फायनल' असतं ती कधीच फायनल नसते, हे तेव्हा कळलं नव्हतं.

घरच्या जुन्या पीसीचा ड्राइव्ह नशिबाने अजून चालतो. फाइल्स लॅपटॉपवर घेतल्या आणि पहिलाच फोटो उघडून हसू आलं. राधानगरीहून दाजीपूरकडे जाताना संध्याकाळी दिसलेला गवा. तेव्हा मी फोटोशॉप नुकतंच शिकलो होतो, म्हणजे सॅच्युरेशनची पट्टी कुठे असते ते कळलं होतं. गवत पोपटी, आभाळ जांभळं, कडेने काळी चौकट आणि कोपऱ्यात स्टायलिश अक्षरात माझं नाव. चहा पीत अण्णा मागे येऊन उभे राहिले.

"गवा एवढा तांबडा कवापासनं झाला रं?"

काय उत्तर देणार? पूर्ण वाढलेला नर जवळजवळ काळा असतो आणि गुडघ्यांखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. मी त्याला विटकरी रंग दिला होता.

सुदैवाने त्या ट्रिपचे शेवटचे काही फोटो एका मित्राच्या आग्रहाने रॉमध्ये काढले होते. आपल्या भाषेत सांगायचं तर रॉ म्हणजे सोर्स कोड आणि जेपेग म्हणजे कंपाइल केलेली फाइल. साध्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या मिळतात, १२ बिट रॉमध्ये ४०९६. काळ्या जनावराच्या बाबतीत हा फरक फार मोठा, कारण सगळी गंमत सावलीतच असते. शिवाय लाइटरूमसारखं सॉफ्टवेअर मूळ फाइलला हात लावत नाही, फक्त काय बदल करायचे त्या सूचना वेगळ्या लिहून ठेवतं. म्हणजे व्हर्जन कंट्रोलच की!

व्हाइट बॅलन्स पुन्हा लावला, सावल्या हळूहळू उचलल्या. गव्याच्या पाठीमागच्या अंधारात काहीतरी फिकट दिसायला लागलं. आणखी उचललं तर कान, मग एक डोळा. पिल्लू! इतकी वर्षं ते त्या फाइलमध्ये उभं होतं आणि मी त्याच्यावर काळी चौकट ओढून ठेवली होती. खरं सांगतो, नवीन लेन्स घेतल्यावरही इतका आनंद झाला नव्हता.

पण सावली उचलल्यावर आणखी एक गोष्ट वर आली. उजवीकडे विजेचा खांब आणि त्यावरून गेलेल्या तारा. २००९ मध्ये मी तासभर खपून तो क्लोन स्टॅम्पने पुसला होता. आता तेच काम एआय दोन सेकंदात करतो. केलं. खांब गायब, तिथे सुंदर झाडी आली. कुठली झाडी? कुठलीच नाही, ती तिथे कधी नव्हतीच. मग अनडू केलं. अण्णा अजून उभेच होते.

"हे रान न्हवं. कुणाचं तरी शेत हाय. मोटरची लाइन गेलीया की."

मंडळी, माझा मुद्दा एवढाच आहे. नवीन कौशल्य शिकलात की जुने फोटो जरूर पुन्हा करा. कॅमेऱ्याने टिपलेलं पण आपल्याला तेव्हा बाहेर काढता न आलेलं बरंच काही त्यात असतं. पण जे टिपलं गेलं ते काढून टाकू नका. राधानगरी अभयारण्य १९५८ पासून आहे, पण गव्याला त्याची हद्द माहीत नसते. डिसेंबर २०२० मध्ये एक गवा थेट पुण्यात कोथरूडमध्ये शिरला आणि लोकांच्या धावपळीत, पकडापकडीत त्याचा जीव गेला. गवा आणि मोटरची लाइन एका फ्रेममध्ये असणं ही त्या फोटोतली खोट नाही. तीच तर त्यातली बातमी आहे. खांब पुसला की मी पाहणाऱ्याला सांगतो, 'काळजी नको, गवे आपापल्या जंगलात मजेत आहेत.' हे खोटं आहे.

कुणी म्हणेल, एवढं काय, आपण काय नॅशनल जिओग्राफिक आहोत? तर त्यांनीही १९८२ च्या फेब्रुवारीत उभ्या मुखपृष्ठात बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड जवळ सरकवले होते, आणि त्यावरची टीका अजून त्यांचा पिच्छा सोडत नाही. तेव्हा फोटोशॉप जन्मलंही नव्हतं. आपल्या हातात तर आता त्याहून मोठी हत्यारं आहेत. साधं नॉइज काढतानाही जपावं लागतं. पट्टी जास्त ओढली की गव्याच्या अंगावर त्याचे नसलेले केस उगवतात.

आणि हो, मूळ फाइल जपा. त्याच डीव्हीडीवर वारणेच्या पुलावरून काढलेला खंड्याचा फोटो आहे, माझा आयुष्यातला पहिला बरा फोटो. तो जेपेग होता आणि मी त्यावरच बदल करून सेव्ह केलं होतं. आता तिथे एक निऑन निळा पक्षी आहे. खरा खंड्या कसा बसला होता ते मला आठवतं, पण दाखवता येत नाही. प्रोडक्शनचा डेटा बॅकअपशिवाय ओव्हरराइट केला तर कंपनीत माझी काय गत होईल? इथे मात्र विचारणारं कोणी नव्हतं.

असो. संध्याकाळी पुण्याला निघायचंय. गव्याचा फोटो सेव्ह केला, पिल्लासकट आणि खांबासकट. नाव दिलंय 'दाजीपूर २००९ - दुसरी आवृत्ती'. फायनल म्हणायचं धाडस यावेळी केलं नाही :)