सोनचाफा झाड म्हणून

दादरच्या फुलबाजारात सोनचाफा छोट्या पारदर्शक पिशव्यांतून येतो. त्यातला बराचसा वसई-विरारच्या वाड्यांतला. मुंबईकराची आणि त्याची ओळख या पिशवीपुरतीच, त्यामुळे फुलं नसतील तेव्हा दारातलं झाडही कुणाला ओळखू येत नाही. याचं मला फार वाईट वाटतं, कारण हा आपल्या मातीतला मॅग्नोलिया आहे.

चाफे आपल्याकडे पुष्कळ, पण त्यांची घराणी वेगळी. देवळापुढचा पांढरा चाफा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा. पान तोडलं की चीक येतो. नागचाफा सुरंगीच्या कुळातला, हिरवा चाफा सीताफळाच्या. कवठी चाफा मॅग्नोलियाच खरा, पण तो बाहेरून आलेला.

सोनचाफ्याची खूण फुलात शोधू नका, कोवळी फांदी हातात घ्या. प्रत्येक पानाच्या देठापाशी फांदीला वेढणारं एक बारीक वलय दिसेल. कोवळ्या पानाला झाकणारं उपपर्ण गळून पडलं की मागे उरतो तो हा वण. शेंड्याची मिटलेली कळी रेशमी लवेची असते. पानं लांबट, टोकदार आणि एकाआड एक. चीक अजिबात नाही. फूल पानाच्या बगलेत येतं, पाकळ्या दहा-बाराहून अधिक, आणि त्यांत हिरवी निदलं वेगळी काढता येत नाहीत. फूल गळल्यावर आतला दांडा लांबतो, त्यावर खडबडीत, पांढऱ्या ठिपक्यांच्या फळांचा घोस धरतो. फळं तडकली की लालभडक बिया दिसतात आणि पाखरं त्यांवर तुटून पडतात. फुलासाठी झाड लावणाऱ्यांनी हा घोस एकदा तरी बघावाच.

अंगणात आपण त्याला छाटून बुटका ठेवतो. रानात तो तीस मीटरपर्यंत चढतो. पूर्व हिमालयाचा पायथा, आसाम आणि सह्याद्रीची सदाहरित, ओलसर रानं हे त्याचं घर. कर्नाटकात त्याला संपिगे म्हणतात. तिथल्या बिळिगिरिरंगन डोंगरात ‘दोड्ड संपिगे’ नावाचा एक प्रचंड जुना वृक्ष आहे. सोलिगा आदिवासी त्याला देव मानतात. तिथे फुलं खुडायला कुणी शिडी लावत नाही.

रोपवाटिकेतलं कलम लवकर फुलतं, म्हणून सगळे कलमच नेतात. कुंडीला ते ठीक. पण शाळेचं पटांगण, देवराईची कड, गावाचं तळं अशी जागा असेल तर बियांचं झाड लावा. फुलं यायला काही वर्षं थांबावं लागेल, पण झाड सरळ आणि उंच वाढेल. बी मिळालं की वरचा लाल गर चोळून धुवा आणि लगेच पेरा. वाळवून ठेवलेलं बी उगवायचं नाही.