लेक ॲनाटॉमीत राहिली, आता काय?



मागच्या आठवड्यात बल्लारपूरचे एक कामगार बंधू घरी आले. लेक एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षाला. "ताई, बारावीपर्यंत कधी नापास नाही झाली. आता ॲनाटॉमीत राहिली. कोणाशी बोलत नाही. परत बोलावून घेऊ काय?"

मी विचारले, अभ्यास कसा करते? म्हणाले, "रात्रभर पाठ करते." घोडे तिथेच अडले होते.

शाळेने आपल्या मुलांना पाठांतराचीच सवय लावली. वैद्यकीय अभ्यासक्रम मात्र 2019 पासून बदलला आहे. लेखी पेपर आहेच, पण विद्यार्थ्याला काय करून दाखवता येते हेही पाहतात आणि ते लॉगबुकात नोंदवतात. 'ऑस्की' नावाची एक परीक्षा असते. रांगेने टेबले मांडलेली. एकावर रक्तदाब मोजायचा, दुसऱ्यावर रोगी बनून बसलेल्या माणसाला आजार समजावून सांगायचा. घंटा वाजली की पुढचे टेबल. परीक्षकाच्या हाती यादी असते आणि ती सगळ्यांना सारखीच, म्हणून आडनाव पाहून गुण द्यायला तिथे वाव कमी. 1975 साली स्कॉटलंडच्या रोनाल्ड हार्डन यांनी ही पद्धत मांडली. तोंडी परीक्षेत मात्र इंग्रजीची धास्ती अजून आहेच, ते नाकारून चालणार नाही.

करून शिकणे आपल्या भागाला नवे नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावच्या सुइणींना बाळाचा न्यूमोनिया ओळखायला शिकवले. त्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते. मग मण्यांची पाटी केली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, सोबत एक मिनिटाची वाळूची घडी. वाळू संपायच्या आत ठरलेले मणी सरले तर बाळ आजारी. या बायांना लेखी पेपर दिला असता तर सगळ्या नापास झाल्या असत्या!

त्या बंधूंना मी नियमही सांगितला. 2023 च्या नियमांप्रमाणे पहिल्या वर्षासाठी चार संधी मिळतात. पुरवणी परीक्षाही असते. एका विषयाने डॉक्टरकी जात नाही, पण चार म्हणजे चारच, हे पोरीला ठाऊक असावे. लपवून ठेवण्यापेक्षा शिक्षकांना जाऊन विचारलेले बरे.

आणि एक सांगितले. पाठ म्हणून दाखव असे म्हणू नका, आईला मराठीत समजावून सांग म्हणा. आईला कळले तर पोरीला आले समजा. पुढे तिला खेड्यातली कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या तब्येतीची नोंद ठेवायची आहे. सिकलसेल आपल्या वस्त्यांत घरोघर ऐकू येतो. तिथे झाडीबोलीत विचारपूस करता येणे हा आपल्या मुलांचा मोठा गुण आहे, शहरातल्या मुलांना तो मुद्दाम कमवावा लागतो.

परवा त्यांचा फोन आला. पोरगी सुटीत घरी आली आहे. धाकट्या भावाला खाटेवर आडवे करून त्याच्या बरगड्या मोजते आणि आईला एकेक नाव सांगते. भाऊ गुदगुल्यांनी हैराण आहे. पुरवणी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.